उणे एकची रेघ

आकृती टेबलावर उभी राहिली आणि तिच्यात भोक नव्हतं. सभागृहात बसलेल्यांपैकी हे सगळ्यांत आधी दिसलं ते तिला, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या शिक्षिकेला. इतरांना आधी फक्त हिरवा रंग दिसला असणार. गणिताचं नवं अॅप दाखवायला कंपनीकडून आलेली बाई तरुण होती, आखूड केसांची, पायात खेळाडूंचे बूट. तिने पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं होतं आणि त्यावर टॅबलेट धरला होता. टॅबलेटच्या कॅमेऱ्याने पानावरचा प्रश्न वाचला. वर एक वक्र, खाली उणे एकवरची आडवी रेघ, डावी मर्यादा शून्य, उजवी दोन. मधला तुकडा क्ष-अक्षाभोवती फिरवल्यास होणाऱ्या घनाकृतीचं घनफळ काढा. पडद्यावर आधी तो तुकडा दिसला, कागदासारखा पातळ. मग तो अक्षाभोवती फिरायला लागला, दांडीला लावलेला झेंडा वाऱ्याने गरागरा फिरावा तसा, आणि जिथून जिथून गेला तिथे आपलं अंग मागे ठेवत गेला. फेरी पूर्ण झाली तेव्हा टेबलावर एक भरीव कर्णा आडवा पडला होता, एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला पसरट. खरं तर टेबलावर काहीच नव्हतं. टॅबलेट बाजूला केला की उरत होतं पुस्तक, पाण्याची बाटली आणि माइकची वायर. पण मागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, की आकृती खरोखर तिथे आहे, तिची सावलीसुद्धा पानावर पडली आहे. त्याच पानावर, त्या सावलीत, पुस्तकात छापलेली आकृती होती. तीही कर्ण्याचीच, पण मधून आरपार सरळ भोक पडलेली. ती आकृती त्या शिक्षिकेने स्वतः काढलेली होती.

"मॅडम, पुस्तकात भोक आहे," दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्गात तिला वकील म्हणत, कारण कुठलीही गोष्ट ती पुराव्याशिवाय मान्य करत नसे. "इथे नाहीये."

कंपनीच्या बाईने पान जवळून पाहिलं आणि ती हसली. "अॅप प्रश्न वाचतं, चित्र नाही वाचत. प्रश्नात रेघ उणे एकवर आहे, म्हणजे अक्षाच्या खाली. चित्रात बघा, अक्षाच्या वर काढलीय, अधिक एकवर. म्हणून मध्ये जागा राहिली आणि भोक पडलं. चित्र चुकलंय."

"काढणाऱ्याला चष्मा लागला असेल," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. त्या हशात सर्वांत मोठा आवाज तिच्या नवऱ्याचा होता. तो पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या शेजारी बसला होता. विभागप्रमुख म्हणून आणि पुस्तकाचा लेखक म्हणून. मुलं त्याला पुस्तकवाले सर म्हणत आणि ते त्याला आवडत असे. तो उठून उभा राहिला, अर्धा मागे वळला. "अहो, त्या काळी कुठलं आलंय अॅप! आकृत्या आमच्या घरीच तयार व्हायच्या. स्वयंपाकघरातून आलेला माल, थोडं मीठ कमी-जास्त व्हायचंच. मी आपला विश्वास ठेवून त्या आकृतीवरून गणित केलं. दुसरं काय!" पुन्हा हशा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "मग शिक्षा घरच्या घरीच होईल," आणि तीही हसली. गाल वर ओढले गेले, ओठ फाकले, दात दिसले. हे सगळं तिला आतून जाणवलं, एखाद्या यंत्राचे भाग एकामागून एक हलावेत तसं.

पण त्याआधी एक क्षण होता, आणि नंतर दिवसभर ती त्याच क्षणाशी परत परत येत राहिली. भोक नसलेली ती आकृती उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. तिला आनंद झाला होता. स्टेशनवर गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसा. कारण हीच आकृती तिने पाहिली होती, अशीच, हाच पसरटपणा, हीच भरीव कड, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, जेवणाच्या टेबलाशी, डोळे उघडे ठेवून. तेव्हापासून ती जगात फक्त तिच्या एकटीच्या डोक्यात होती. आज दीडशे माणसांनी ती पाहिली आणि पाहताक्षणी ठरवलं की हिला काही दिसत नाही.

दिसणं ही तिची एकमेव मिळकत होती. इतरांपेक्षा ती हुशार नव्हती. सूत्रं पाठ करायला तिला वेळ लागे, बेरजेत चुका होत. पण पातळ तुकडा अक्षाभोवती फिरवायचा म्हटलं की तिला तो फिरताना दिसे, मनगटात जाणवे. लहानपणी बाटली, दिव्याची काच, खुर्चीचा पाय असं काहीही पाहिलं की तिच्या डोक्यात त्याची अर्धी कड सुटी होई आणि पुन्हा फिरून वस्तू तयार होई. तिला वाटे, सगळ्यांना असंच दिसत असेल. कॉलेजात गेल्यावर कळलं की नाही. हे कळलं ते नवऱ्यामुळेच. तेव्हा तो नवरा नव्हता, दोन वर्षं पुढे शिकणारा, फळ्यावर झरझर लिहिणारा मुलगा होता. तो म्हणाला होता, "मला चित्र लागत नाही. मी सूत्रातून जातो." तिला ते फार मोठं वाटलं होतं. डोळे मिटून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं वाटतं तसं. पुढे लग्न झालं, त्याला कायमची नोकरी लागली, तिला त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर तास मिळाले, आणि त्याने पुस्तक लिहायला घेतलं. तो बाहेरच्या खोलीत लिहीत असे. ती भांडी आवरून जेवणाचं टेबल पुसून कोरडं करी, त्यावर गुळगुळीत कागद चिकटपट्टीने बसवी आणि आकृत्या काढी. काळी शाई, बारीक टोकाचं पेन, कंपास, वक्र काढायची प्लॅस्टिकची पट्टी. शाईला औषधासारखा वास होता. पुढच्या कडा ठळक, मागच्या तुटक, भोक दिसावं म्हणून एक चतकोर कापून दाखवलेला. लोक म्हणत, पुस्तक सोपं आहे. सोप्या होत्या त्या आकृत्या. ऋणनिर्देशात लिहिलं होतं, 'घरच्या मंडळींचे आभार', आणि घरात मंडळी म्हणजे ती एकटीच होती.

त्या उदाहरणाच्या वेळी तिने पेन टेकवण्याआधीच तुकडा फिरवून पाहिला होता. तुकड्याच्या मधूनच अक्ष जात होता. वरचा भाग मोठा, खालचा चिंचोळा. फिरायला लागल्यावर खालचा भाग वर आला, आणि वरच्याने आधीच व्यापलेल्या जागेत बुडून गेला. भोक पडायला जागाच नव्हती. ती हातातला फडका तसाच घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. "अहो, यात भोक पडत नाही."

"पडतं," तो मान वर न करता म्हणाला. "वरच्याचा वर्ग वजा खालच्याचा वर्ग. खालचा आहे उणे एक, त्याचा वर्ग एक. एक वजा झाला की भोक आलंच."

"पण ती रेघ अक्षाच्या खाली आहे ना? ती फिरून वर येते ती आधीच्या जागेतच येते. वर्ग केल्यावर उणं पुसलं जातं, म्हणून सूत्राला कळत नाही."

"सूत्राला कळत नाही," त्याने तिचेच शब्द सावकाश उच्चारले, चाखून पाहिल्यासारखे. मग म्हणाला, "तू आकृती काढ. गणित मी बघतो." आणि मग ती शांतता. तिला नवऱ्याच्या शांततेचे प्रकार तेव्हाच पाठ झाले होते. दार लावून घेतल्यासारखी एक, आणि दार उघडं ठेवून कुणी आत येतंय का ते बघणारी दुसरी. ही पहिली होती. ती टेबलाशी परत आली. खरी आकृती काढली तर ती त्याच्या गणिताच्या शेजारी उभी राहून त्याला खोटं पाडणार. खोटी काढायला तिचा हात तयार नव्हता. मग तिला एक वाट सुचली, आणि तेव्हा तिला ती फार शहाणपणाची वाटली. तिने रेघ उचलली आणि अक्षाच्या वर ठेवली, अधिक एकवर. रेघ तिथे असती तर त्याचं गणित बरोबर होतं, भोक बरोबर होतं, उत्तर बरोबर होतं. त्याने फक्त प्रश्नातलं एक उणे चिन्ह काढायचं होतं. कुणाला काही सांगायला नको, कुणी चुकलं म्हणायला नको. आकृती त्याच्या टेबलावर ठेवून ती आत गेली आणि थांबली, ताटात काहीतरी चांगलं वाढून माणसाच्या तोंडाकडे बघत थांबावं तशी. त्याने कागद दिव्याखाली धरला. "सुबक झालीय," तो म्हणाला. उणे चिन्ह तिथेच राहिलं. पुस्तक छापून आलं, त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. ते उदाहरण परीक्षेत यायला लागलं, कारण पेपर काढणारे पुस्तक समोर ठेवूनच काढतात, आणि नमुना उत्तरं पुस्तकातूनच उतरवतात. दर वर्षी कुठल्या कुठल्या गावांतली मुलं त्या भरीव कर्ण्यात नेमाने भोक पाडत राहिली. एका दंडगोलाइतकं घनफळ दर वर्षी जगातून गहाळ होत राहिलं. वर्गात त्या उदाहरणाशी आली की ती म्हणे, "हे घरी करा." कुणालाच शंका आली नाही. मुलांना घरी करायला दिलेलं करायचं नसतं, तर उतरवायचं असतं.

संध्याकाळी कंपनीने वापरून बघायला दिलेला टॅबलेट घेऊन तो जेवायच्या टेबलाशी बसला होता. पायजमा, बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा. पुस्तकाच्या पानांवर टॅबलेट फिरवत एकेक आकृती उभी करत होता आणि लहान मुलासारखा "वा!" म्हणत होता. आकृती बोटाने फिरवता येते, कापता येते, चकत्या करता येतात. त्याला हे सगळं पहिल्यांदा दिसत होतं. तिला अचानक उमगलं, की यात अतिशयोक्ती काहीच नाही, त्याला खरोखर पहिल्यांदा दिसतंय. इतकी वर्षं त्याने न पाहिलेल्या गोष्टींवर पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, मुलांना "कल्पना करा" म्हणून सांगितलं. तिने ताटं मांडली. एक ताट पडद्यातल्या कर्ण्याच्या मधोमध गेलं.

"कंपनी डिजिटल आवृत्ती काढायची म्हणतेय," तो म्हणाला. "आकृत्या सगळ्या काढून टाकायच्या. प्रश्न फक्त. कॅमेरा धरला की आकृती हजर. छपाईही सुटसुटीत होईल."

"सगळ्या?"

"ठेवून करायचंय काय? अजून चार निघतील अशा."

"अशा म्हणजे?"

"अगं, सकाळसारख्या."

ती वाढत राहिली. मग म्हणाली, "रेघ मी वर का घेतली ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कसं ठाऊक असणार? तू बोललीस कधी?"

"बोलले होते. तिथे, बाहेरच्या खोलीत. तुमच्यासमोर उभी राहून."

त्याने चष्मा खाली ओढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तो आठवत होता की आठवत असल्याचं दाखवत होता, हे तिला समजेना. "एकदा बोलून गप्प बसलीस, त्याला बोलणं म्हणत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "भांडायचं होतंस. डोक्यात शिरेपर्यंत सांगायचं होतंस. तू काय केलंस? गुपचूप रेघ सरकवलीस. मला कळू न देता. म्हणजे चूक कुणाची झाली?"

हे तिला अनपेक्षित होतं. तो खोटं बोलेल, चिडेल, विषय बदलेल, असं तिने धरलं होतं. तो खरं बोलेल याची तिने तयारी केली नव्हती. कारण त्या बोलण्यात एक तुकडा खरा होता, आणि तो त्याने अचूक उचलून तिच्याच पानात वाढला होता. ती भांडली नव्हती. भांडली असती तर त्या पहिल्या प्रकारच्या शांततेत किती आठवडे जातात हे मात्र त्याने गणितात धरलं नव्हतं.

"छपाईची चूक होती म्हणाला असतात तरी चाललं असतं," ती म्हणाली. "उणे चिन्ह चुकून पडलं म्हणून."

"आणि परीक्षेत इतकी वर्षं तेच उणे चिन्ह येतंय, ते कुणाच्या हातून पडलं? अर्धे पेपर मीच काढलेत." तो हसला, मग पाणी प्याला. "तू एवढं मनाला नको लावून घेऊस. नव्या प्रस्तावनेत तुझं नाव घालतो. पूर्वीच्या आवृत्त्यांतील आकृत्या यांनी काढल्या होत्या, त्यांत काही त्रुटी राहून गेल्या. बघ, नाव तरी येतंय की नाही?"

हा विनोद होता की बेत, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि पूर्वी जसं तिला वाटत असे की कळून घ्यायला हवं, तसं आज वाटलं नाही. अक्षाभोवती फिरवलेल्या वस्तूचं एक असतं, ती कुठल्याही बाजूने पाहिली तरी सारखीच दिसते. पुढून, मागून, डावीकडून. आपण उगाच तिच्याभोवती फिरत राहतो, की दुसऱ्या बाजूला काही वेगळं असेल. सभागृहात हसणारा आणि इथे पाणी पिणारा, दोन्ही एकच होते. तिने बराच काळ फेऱ्या मारण्यात घालवला होता, बस्स.

तो जेवून बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसल्यावर तिने टेबल पुसलं आणि टॅबलेट घेतला. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. पानावर कॅमेरा धरायचा, आकृती उभी राहीपर्यंत थांबायचं, मग खालच्या छापील आकृतीशी ताडून बघायचं. वाटी, कंकण, घंटा, भोवरा, दोन्ही टोकांना निमुळतं होणारं ते लांबट फळ. प्रत्येक वेळी वरची आकृती खालच्या आकृतीवर अशी बसत होती, की कुठली कुठे संपते हे सांगता येऊ नये. कुठे कड जाडीने जास्त नव्हती, कुठे फुगवटा कमी नव्हता. यंत्राने पाहिलेलं आणि तिने पाहिलेलं एकच होतं. ती पानं उलटत गेली आणि तिला दम लागल्यासारखं झालं. एवढ्या आकृत्या बरोबर आहेत, हे कोण कुठे छापणार होतं? बरोबर असलेल्या गोष्टींचं शुद्धिपत्र नसतं. त्या निमूटपणे काढून टाकल्या जाणार होत्या आणि मागे एकच राहणार होती, नावासकट. बाहेरून बातम्या देणाऱ्याचा आवाज येत होता. "अगं, जरा चहा टाकतेस का?" त्यावरून नवऱ्याचा आवाज आला. तिने टाकला.

सकाळी पहिला तास तिचाच होता. खिडक्या बंद असल्याने वर्गात कालच्या घामाचा आणि खडूचा वास कोंडला होता. तिने टॅबलेट पिशवीतून काढला नाही. फळ्यावर अक्ष काढला, वर वक्र, खाली उणे एकवर रेघ, आणि मग तुकडा फिरवला. एका हाताने, न थांबता, ठळक कडा, तुटक कडा. कर्णा फळ्यावर उभा राहिला, भरीव. तिला जाणवलं की या आकृतीला तिचा हात आज पहिल्यांदा लागतोय. इतकी वर्षं ओळख असून.

"कालचं उदाहरण," ती म्हणाली. "पुस्तकातलं गणित चुकलंय. आकृती नाही. गणित चुकीचं आहे हे दिसत होतं, म्हणून ते सांभाळून घेण्यासाठी आकृती तशी काढली होती. सूत्र तेव्हाच चालतं, जेव्हा दोन्ही रेषा अक्षाच्या एकाच बाजूला असतात. इथे खालच्या रेघेचा संबंधच येत नाही. वजा काही करायचं नाही."

बोलून झाल्यावर ती थांबली. काय होईल याची तिला कल्पना नव्हती. काहीतरी होईल असं मात्र वाटत होतं. हे तिच्याआधी शिक्षकांच्या खोलीत पोहोचेल, तिथून प्राचार्यांकडे, आणि ती घरी पोहोचायच्या आत नवऱ्याकडे. पुढच्या सत्रात तिला तास मिळतीलच असं नाही. हे सगळं तिला दिसत होतं, नीट, प्रत्येक कडेसकट, आणि तरीही छातीत काहीतरी सैल झालं होतं.

वकील उभी राहिली. "म्हणजे चूक सरांची आहे?"

"हो."

"आणि आकृती तुम्ही काढली होती?"

"मी काढली होती."

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, की भोक नाहीये?"

"तेव्हाच."

मुलगी क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, कौतुक नव्हतं. उलटतपासणीत साक्षीदाराकडून हवं ते काढून घेतल्यावर वकिलाचं लक्ष जसं पुढच्या मुद्द्याकडे जातं, तसं ते गेलं. "मग मॅडम," ती म्हणाली, "परीक्षेत कुठलं लिहायचं?"

सगळ्या माना वर झाल्या. मागच्या बाकावरचा कालपासून तिच्याकडे बघून हसणारा मुलगासुद्धा पेन उघडून बसला होता. उत्तरपत्रिका तपासणारा कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी टेबलाशी बसलेला असेल. त्याच्या उजव्या हाताला नमुना उत्तरं असतील, पुस्तकातून उतरवलेली. तो कुठलीही आकृती फिरवून पाहणार नाही. शेवटच्या ओळीतला आकडा जुळला तर गुण, नाही तर शून्य. समोर बसलेल्यांपैकी काहींना त्या गुणांवर पुढची जागा मिळणार होती किंवा हुकणार होती. खडूची भुकटी तिच्या बोटांच्या पेरांत बसली होती. ती तिने पदराला पुसली नाही.

"पुस्तकातलं," ती म्हणाली.

वर्गाचा जीव भांड्यात पडला. पेनं चालू लागली.